दारावरचं हातभर लाल

कोणी मला रंग विचारायला आलं की मी आता सरळ सांगते, बाई गं, रंग घरून ठरवून ये. डबे आण, मी लावून देते, कडा सुतात काढून देते, पण कुठला लावू हे मला विचारायचं नाही. इथं च्यायी शहरात, आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, गेक-चू म्हातारपणी चढेल झाली. झाली तर झाली. त्यांना काय माहीत?

मी आणि माझा नवरा थ्याम-होक, आम्ही चौतीस वर्षं जोडीनं घरं रंगवली. तो रंग कालवायचा, रोलर मारायचा. मी शिडीवर चढून छताच्या नि चौकटीच्या कडा काढायची, कारण माझा हात हलका. पण शिडी मात्र तोच धरणार, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तोंडात सुपारी, एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर, आणि नजर वर. "वाकडी गेली बघ! आंधळी झालीस का गं?" मी वरून ब्रश झटकायची त्याच्या टकलावर. मग पुसून काढून पुन्हा सरळ करायची. वाकडी कड त्यानं कधी खपवून घेतली नाही, आणि मलाही तीच खोड लागली.

गेल्याच्या गेल्या वर्षी सातव्या महिन्यात त्याला खोकल्यातून रक्त पडलं. इस्पितळात फोटो काढले. डॉक्टरनं त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि मला नि माझ्या मुलाला, बुन-पिनला, आतल्या खोलीत बोलावलं. आमच्याकडे असंच असतं. आजार माणसाचा, पण बातमी घरच्यांची. डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसाचा कर्करोग आहे, पसरलाय, चार महिने धरा, फार तर पाच.

बाहेर आले तर हा बाकावर बसून शेजारच्या बाईला भिंतीचा पोपडा का सुटतो ते समजावत होता. मला म्हणाला, "काय गं, काय निघालं?"

"बुरशी," मी म्हणाले. "इतकी वर्षं भिंती घासून धूळ खाल्लीस ना, त्याची बुरशी. औषध लांबलचक आहे."

कुठून सुचलं कोण जाणे. पण सुचलं आणि तेच घरात सगळ्यांनी धरलं. थोरले भावजी, म्हणजे याचे मोठे भाऊ किम-सिंग, त्यांनी तर मला दम भरला, "कळलं त्याला तर आठवड्यात हाय खाऊन मरेल. तोंड शिवून ठेव." मी शिवलं. शहाणपणा वाटला तेव्हा.

बुन-पिनचं लग्न नव्या वर्षानंतर ठरलं होतं. ते आम्ही दहाव्या महिन्यात ओढून घेतलं. घरात मंगलकार्य उभं केलं की दुखणं माघारी फिरतं, असं आमची जुनी माणसं सांगत. शिवाय बाप गेला तर पोरानं शंभर दिवसांत लग्न उरकायचं, नाहीतर वर्षानुवर्षं थांबायचं. याला सांगितलं, कार्यालयाची तारीख तेवढीच मोकळी मिळाली. तो खूश झाला. म्हणाला, "मग पुढचं दालन रंगवायला हवं. लोकांची घरं चकचकीत, आणि आपल्या भिंतीवर बारा वर्षांचा धूर!"

पुढचं दालन म्हणजे आमच्या घराचं तोंड. रस्त्यावरून आत आलं की तेच. समोर देव आणि पूर्वजांची पाटी, ती भिंत लाकडाची. उरलेल्या तीन भिंती आमच्या.

सुनेची आई ज्योतिषाकडून आली आणि फर्मान सोडून गेली. "दालन तांबडं हवं, विहीणबाई. मुलाच्या पत्रिकेत अग्नी कमी आहे. आणि स्पष्टच बोलते, पांढऱ्या भिंतींच्या घरात माझी मुलगी पाऊल टाकणार नाही. ते काय मयताचं घर आहे?"

मी हसून चहा ओतला. पण मला पांढराच हवा होता. का ते सांगते.

थ्याम-होकचा बाप समुद्रावर कालवांच्या तराफ्यावर राबायचा. एका वादळात बुडाला. दोन दिवसांनी मढं किनाऱ्याला लागलं, पण गावानं आत घेतलं नाही. जो बाहेर मेला, त्याचं थंड मढं गावात येत नाही, दालनात तर नाहीच. गावाच्या वेशीवर, गटाराच्या कडेला, ताडपत्रीखाली ठेवला तीन दिवस. थ्याम-होक नऊ वर्षांचा होता. रोज वाटीभर भात घेऊन जायचा बापाला, आणि कुत्री हाकलत बसायचा. हे त्यानं मला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. नंतर दरवर्षी पितरांच्या दिवशी एकच वाक्य बोलायचा, "गेक-चू, मी कुठंही आडवा झालो तरी श्वास आहे तोवर मला दालनात आण. नाही आणलंस तर भूत होऊन तुझ्या मानेवर बसेन." हसत म्हणायचा. पण त्यानं आयुष्यात मागितलं ते एवढंच.

आणि दालनात माणसाचा प्राण जायचा तर घरातलं सगळं लाल झाकावं लागतं. दारावरचे शुभकागद, देवांचे पडदे, सगळ्यावर पांढरा कागद चढतो. लाल उघडं राहिलं तर मंगलाला सुतक लागतं आणि ते घरातल्या पोटुशीला बाधतं. कागद झाकता येतात हो. तीन भिंती कशानं झाकायच्या?

म्हणून मी दोन्ही रंगांचे तुकडे भिंतीवर मारले, वर्तमानपत्राएवढे. एक पांढरा, चुन्याचा असतो तसा. एक लिचीच्या सालीचा तांबडा. थ्याम-होकला वेताच्या खुर्चीत आणून बसवलं. सकाळची वेळ होती, त्यानं नुकतीच रताळ्याची पेज अर्धी टाकली होती.

"बोल, म्हाताऱ्या. कुठला?"

"तुला कुठला?"

"पांढरा."

"लग्नघराला पांढरा? डोकं फिरलं का तुझं? चौतीस वर्षांत सून यायच्या घराला आपण पांढरा लावलाय, असं एक घर दाखव."

"पांढऱ्यानं उजेड येतो."

"उजेड दिव्यानं येतो, बये." तो खोकला, हसला. "का मी मेल्यावर सोपं पडेल म्हणून?"

"थू! तोंडाला काही हाड?"

मी ओरडले खरी, पण आवाज फाटला. तो हसायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. रंग कालवताना डब्यात बघायचा तसा बघत होता, त्यात काय कमी आहे, काय जास्त आहे.

"गेक-चू, डॉक्टर काय म्हणाला खरंच?"

देवाशप्पथ सांगते, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पाच शब्द होते. चार महिने, फार तर पाच. मागे स्वयंपाकघराच्या दारात बुन-पिन उभा होता, तो मान हलवून नाही, नाही म्हणत होता.

"बुरशी," मी म्हणाले. "किती वेळा सांगू? औषध घे वेळेवर, सगळं ठीक होईल."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं लांब श्वास घेतला, जेवढा घेता येत होता तेवढा. चेहरा एकदम मोकळा झाला त्याचा. "मग तांबडा लाव. नातवंडं खेळवायचीत मला या दालनात. पांढऱ्याला काय, मिळेल की दहावीस वर्षांनी."

म्हणजे त्यानं तांबडा निवडला तो माझ्या 'नक्की'वर. हे मी विसरत नाही. कोणी म्हणतं, गेक-चू, तू त्याच्या भल्यासाठी बोललीस. भल्यासाठी! माणसाला दोन डबे दाखवायचे, एकाचं झाकण बंद ठेवायचं आणि म्हणायचं निवड. आयुष्यभर कुठल्या गिऱ्हाइकाला मी असं फसवलं नाही.

रंग त्यानंच कालवला, खुर्चीत बसून. तांबड्यात चिमूटभर पिवळा, थेंबभर काळा. रोलर मी आणि बुन-पिननं मारला. कडा मी काढल्या. शिडी धरायला तो उठला तेव्हा बुन-पिन म्हणाला, "बाबा, बसा हो." त्यानं ऐकलं नाही. शिडी धरून उभा राहिला, पण शिडीच त्याला धरून होती.

लग्न झालं. सगळे म्हणाले, काय रंग आहे! सून युन-रू गुणाची पोर निघाली, आल्याआल्या त्याला टर्कीच्या मांसाचा भात मऊ करून भरवायला लागली. अकराव्या महिन्यात तिनं लाजत सांगितलं, दिवस गेलेत. कधीपासून ते मोजत बसायला मी काही कारकून नाही. थ्याम-होक इतका हसला की खोकून खोकून निळा पडला.

आणि मी तिथं फासात अडकले. कारण घरात पोटुशी असली की गर्भदेव घरात वस्तीला येतो. आज दारात, उद्या चुलीत, परवा भिंतीत. कुठं असेल सांगता येत नाही, म्हणून बाळ होईपर्यंत खिळा ठोकायचा नाही, कात्री चालवायची नाही, भिंतीला रंग लावायचा नाही. बाळाला ओठ फाटलेला येतो, बोटं जुळलेली येतात. मी स्वतः कितीतरी घरची कामं यासाठी परत पाठवलीत. सुनेला दिवस आहेत का, नाही ना, मग येतो, असं विचारून आम्ही डबे उघडायचो. मी मनात ठरवलं होतं की लग्न झाल्यावर काहीतरी निमित्त काढून तांबड्यावर पांढरा फिरवीन. आता ते संपलं.

नवं वर्ष कसंबसं निघालं. पहिल्या महिन्याच्या तेराव्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं. अठराव्या दिवशी दुपारी बुन-पिनचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात घरी न्यायचं तर आत्ताच. बाबांना दालनात न्यायचंय ना? तासाभरात निघतोय आम्ही. हातानं श्वासाचा फुगा दाबत आणतायत."

तासभर. मी दालनात उभी राहिले. तीन भिंती, लख्ख तांबड्या.

मग सुचलं. रंग लावायला बंदी आहे, झाकायला नाही. आमच्याकडे कागदाच्या गुंडाळ्या असतातच, कडेला चिकटपट्टी असलेल्या. रंग मारताना खिडक्या झाकतो आम्ही त्यांनी. पांढरा कागद, माळ्यावर चौदा गुंडाळ्या होत्या. खिळा नको, ब्रश नको. फक्त चिकटवायचं. चारच महिन्यांपूर्वी का नाही सुचलं, विचारू नका. सुचलं असतं तरी लावलं नसतं. जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाची भिंत कोण तयार करतं?

मी धावत सुटले. एकसष्ट वर्षांचे गुडघे, पण चढले माळ्यावर. पण कागद कापायचा कशानं? कात्री नाही चालवायची. मग लाकडी पट्टीवर दाबून हातानं फाडायचा, एकेक. युन-रू आतून आली, रडत होती.

"आई, कात्री घ्या ना. मी मागच्या खोलीत जाते. मी बघणारच नाही."

"तू बघून काय होतंय? गर्भदेव बघतो. जा आत, झोप."

"आई, पण बाबांना वेळ नाहीये."

"जा म्हटलं ना!"

तिचं ऐकलं असतं तर? तीच पोटुशी, तीच सांगत होती. पण मला त्या पोराची बोटं डोळ्यांसमोर दिसत होती. मी फाडत राहिले. डावी भिंत झाली. उजवी झाली. थोरले भावजी आले, त्यांनी देवांवर कागद चढवला, फळ्या मांडल्या, त्यावर चटई टाकली. मग दाराची भिंत. दाराच्या दोन्ही अंगांना झालं. राहिलं ते दारावरचं, चौकटीपासून छतापर्यंत. शिडी दारातच लावावी लागली. चढले.

आणि गल्लीत गाडी आली.

वरून वाकलं की दारातून मला सगळं दिसत होतं. मागचं दार उघडलं. बुन-पिन उतरला, मग दोघांनी स्ट्रेचर काढलं. गाडीवरचा माणूस फुगा दाबत होता, दाब, सोड, दाब, सोड. थ्याम-होक एवढासा झाला होता. त्याला थेट माझ्या शिडीखाली आणून थांबवलं, कारण आत यायला वाटच नव्हती.

"आई, उतर! शिडी काढ!"

"दोन मिनिटं. हातभर राहिलंय."

"राहू दे गं ते!"

"पोटुशी आहे घरात! दोन मिनिटं थांबा म्हटलं ना!"

मी कागद लावला. वाकडा लागला. आणि मी काय केलं सांगू? तो ओढून काढला. पुन्हा सरळ लावायला घेतला. चौतीस वर्षांची खोड. खाली तो होता ना, डोळे अर्धे उघडे, वर बघणारे. मला वाटलं, आता ओरडेल, आंधळी झालीस का गं. कड छताला नीट बसवत होते मी, अंगठ्यानं पट्टी दाबत होते, आणि फुग्याचा आवाज थांबला.

खाली बघितलं तर त्या माणसाचा हात थांबला होता. त्यानं बुन-पिनकडे बघून मान हलवली.

कागद माझ्या हातातून सुटला. शिडीवरून कशी उतरले आठवत नाही. थोरले भावजी दारात आडवे उभे राहिले. "बाहेर प्राण गेला त्याचा. आता आत नाही नेता येणार. मांडव गल्लीत घाला." बोलताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनीही पाहिली होती ना ती ताडपत्री, ते तर तेरा वर्षांचे होते तेव्हा.

गाडीवरचा माणूस जाणता होता. तो हळूच मला म्हणाला, "मावशी, मी फुगा काढत नाही. मी काही बोललोच नाही असं समजा. तुम्ही बोला त्यांच्याशी, जिवंत असल्यासारखं. लोक असंच करतात. चला." आणि त्यानं पुन्हा फुगा दाबायला सुरुवात केली.

मी शिडी ढकलून दिली. ती मोठ्यानं आपटली. मी म्हणाले, "थ्याम-होक, आलास घरी. उंबरा आहे, सांभाळून. चहा टाकलाय." बुन-पिन ओरडून ओरडून म्हणत होता, "बाबा, घरी आलो बरं का! घरी आलो!" भावजी बाजूला झाले. आम्ही त्याला आत घेतला, फळ्यांवर ठेवला, मग त्या माणसानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आत्ता गेले." सगळ्यांनी मान डोलावली. सहा महिने मी त्याच्याशी खोटं बोलले होते, आता त्याच्या पूर्वजांसमोर बोलले.

सगळे रडायला लागले. मला रडू येईना. मी त्याच्या कानाशी बसले.

"बुरशी नव्हती रे," मी म्हणाले. "कर्करोग होता. चार महिने म्हणाला होता डॉक्टर. तू विचारलंस, मी नक्की म्हणाले. तांबडा लावला तर तुला आत आणता येणार नव्हतं, मला माहीत होतं. आता सांग. पांढरा की तांबडा?"

भावजी म्हणाले, "वेड लागलं हिला. उठवा हिला कोणीतरी."

मी मान वर केली. सगळीकडे पांढरा कागद, कडा सुतात, एक सुरकुती नाही. दारावर तेवढं हातभर लाल उघडं होतं. मी ते झाकायला उठले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सात दिवस तो तिथं होता, आणि सात दिवस ते तसंच राहिलं.

सातव्या महिन्यात युन-रूला मुलगी झाली. सव्वातीन किलो. ओठ नीट, बोटं वीस, मी तीनदा मोजली. आता दालनात रांगते, तांबड्या भिंतींना हात लावून उभी राहायला बघते. बुन-पिन म्हणतो, आता रंग लावायला हरकत नाही, सांग कुठला लावायचा. मी त्याला म्हणते, तुम्ही दोघं ठरवा.

त्या हातभर लालासाठी मी त्याला दारात थांबवला होता.